किरकोळ वादातून

बापानं गायरानात ज्वारी पेरली होती. पाटलाच्या भावकीतले अकरा जण आले आणि उभ्या पिकात ट्रॅक्टर घातला. बाप आडवा झाला. उलट्या कुऱ्हाडीनं त्याचा खुबा फोडला. मायच्या झिंज्या धरून तिला बांधापर्यंत ओढलं. "महारड्यांनो, गायरान तुमच्या बापाचं हाय का?" मी सातवीत होते. तुरीत लपून, तोंडात मूठ कोंबून बघत होते. बाप पुन्हा सरळ चालला नाही. मायनं मुखेडात लोकांची भांडी घासून मला शिकवलं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली.

पुढं पत्रकारिता शिकायला नांदेडला आले. एक दिवस सरांनी आम्हा वीस जणांना एका दैनिकाचं ऑफिस दाखवायला नेलं. खाली छपाईचं मशीन, कागदाचे पिंपाएवढे रोल. वर संपादकांनी जुन्या अंकांच्या बांधीव फायली काढल्या. "आपापल्या गावची बातमी शोधा," हौसेनं म्हणाले.

मी शोधली. सापडली.

'किरकोळ वादातून दोन गटांत हाणामारी. दोघे जखमी.'

मी फाईल संपादकांपुढं सरकवली.

"साहेब, गट कोणते? एका गटात माझी माय अन् बाप. दुसऱ्यात अकरा जण. हाणामारी कशी? त्यांनी मारलं. आम्ही नुसता मार खाल्ला."

संपादक हसले. "आडनाव काय तुझं?"

सांगितलं.

"तरीच. अगं, गावात तेढ नको म्हणून असंच लिहितात. पद्धत आहे ती. तुम्हा लोकांना रडायला निमित्तच लागतं."

मागं कुणीतरी खिदळलं. मी एका हातानं पान धरून मोबाइलवर त्याचा फोटो काढायला लागले. त्यांनी फाईल धाडकन मिटली. माझी बोटं आत. वरून तळहातानं दाबली. नख फुटलं. रक्त पानावर. मी मोबाइल टाकून दुसऱ्या हातानं त्यांची कॉलर धरली अन् फाटेस्तोवर ओढली. वॉचमननं मला मानगुटीला धरून जिन्यावरून ढकललं.

सर खाली आले. पाणी नाही, कोरा कागद घेऊन आले. "माफीनामा लिही. नाहीतर प्रॅक्टिकलचे मार्क विसर."

लिहिलं. 'अकरा जणांनी गायरानासाठी एका नवरा-बायकोला कुऱ्हाडीनं मारलं. त्यांच्या पोरीनं डोळ्यांनी पाहिलं.' खाली सही ठोकली. कागद सरांच्या हातात दिला.

मार्क गेले. वर्ष गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा बसले. पास झाले.

आज लातुरात बातमीदार आहे. कुणी मारलं आणि कुणाला, हे पहिल्या ओळीत लिहिते. डेस्कवरचे उपसंपादक ती ओळ कापतात. मी पुन्हा लिहिते. गेल्या महिन्यात एक बातमी जशीच्या तशी छापून आली. माझ्या नावानं.