गिरणीवाल्या काकूची सवत

"दम घे, मंग बोल."

गिरणीवाले काका मले पाह्यलं की पह्यले हेच म्हणत. कारण मी कवाही धावतच जाये. लेकराले ताप आला, धावली. लेकरू लय येळ झोपूनच राह्यलं, तरी धावली. माहेर दूर, नवरा ट्रकवर, मी सातवी शिकलेली, आन् एवढासा जीव माह्या हातात देऊन सारे मोकळे झालेले. काका गिरणी बंद करत, पिठाचे हात पंचाले पुसत, लेकराच्या छातीले कान लावत आन् म्हणत, "बराबर चालू हाय." मंग कुठं मले श्वास येये.

कान लावाची त्याइले सवयच व्हती. गिरणीचा दगड फिरता फिरता गुळगुळीत झाला, का ते आवाजावरूनच ओळखत. मंग छिन्नी-हातोडी घेऊन दगडावर पुन्हा चरे पाडत बसत. त्याले टाकी लावणं म्हणतेत.

अमडापुरात ज्यानं दळण नेलं त्यानं काकाले पाह्यलंच असन. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानावरचे केसही पांढरे. लोकाइले वाटे म्हातारा हाय. आंघोळ करून आले की काळीभोर मिशी निंघे आन् बाया म्हणत, हा कोन पाव्हणा आला. पन ते दिवसाढवळ्या आंघोळ एकाच कामासाठी करत. घड्याळापाशी बसाचं असलं तं.

झालं असं, मोबाइलवर त्याइले बड्या लोकाइचं हातातलं घड्याळ दिसलं. तबकडीवर बारीक बारीक चरे, मधातून निंघून काठाले जाणारे. काका ते पाहून हासले. "हे तं आपल्या दगडाची टाकी हाय," म्हणे. "हे मले येते."

बस, तिथून लागले. आतलं यंत्र जुन्या चावीच्या घड्याळातलं घेतलं, बाकी सारं हातानं. पितळीच्या पत्र्याची तबकडी केली, तिच्यावर भिंग लावून चरे पाडले. काटे निळे कराले माह्या गॅसवर आले, काकू आपल्या शेगडीले हात लावू देत नव्हत्या. तव्यावर काटा पिवळा झाला, तांबूस झाला, जांभळा झाला, आन् एकदम मोराच्या मानेवानी निळा. काकानं चिमट्यानं उचलला. मी पोळ्या विसरूनच गेली.

काका गिरणीच्या मागच्या खोलीत बसत, घड्याळात पीठ जाऊ नये म्हणून माह्या लेकराची छत्रीवाली मच्छरदाणी मागून नेली. गुलाबी, वर बदकं काढलेली. एवढा दांडगा माणूस, डोकं आन् दोन हात त्या मच्छरदाणीत, बाकी सारा बाहेर.

काकू दारातून म्हणत, "बसले का सवतीच्या पदराखाली?"

घड्याळाले त्या सवतच म्हणत. मले म्हणे, पाह्य बाई, माह्यासाठी कवा बांगडी नाई आणली, आन् हिच्यापाशी न्हाऊन-धुऊन जाते हा माणूस. काका मच्छरदाणीतून हासत. हासता हासता खोकत.

खोकला लय वाढला व्हता. आयुष्यभराचं पीठ छातीत बसलं व्हतं. डॉक्टरनं सांगतलं, गिरणीत पाय ठेवू नका आन् शहरातल्या मोठ्या दवाखान्यात भरती व्हा. काकू रोज मांगं लागत. काका म्हणत, दिवाळीचा पाडवा होऊ दे. पाडव्याले काय हाय, ते फक्त मले सांगतलं व्हतं. काकू ओवाळतीन, तवा ताटात हे घड्याळ टाकाचं. पट्टा काकूच्या बांगडीच्या मापानंच केला व्हता. मले तं भेव वाटे, एवढा खोकला घेऊन पाडव्याची वाट पाहून राह्यले.

दसऱ्याच्या आधी घड्याळ चालू झालं. माह्या कानाले लावलं, लेकराच्या कानाले लावलं. फक्त मांगचं झाकण बसवाचं राह्यलं व्हतं.

दसऱ्याले काकू दरसाल गिरणीची पूजा करत. दगडाले, मोटरले हळद-कुंकू, पट्ट्याले झेंडूचा हार. मी लेकरू घेऊन गेली तवा काका मागच्या खोलीच्या दारात उभे व्हते आन् आत काकू. त्याइनं मच्छरदाणी उचलली व्हती. पाण्यात कालवलेलं हळद-कुंकू बोटानं त्या उघड्या घड्याळावर लावलं, अक्षता टाकल्या, वरून पळीभर पाणी सोडलं आन् हात जोडले.

"घे बाई," घड्याळाले म्हणल्या. "तुह्यीही ओटी भरली आज."

मी काकाकडं पाह्यलं. मंग ते हळूच म्हणले, "बरं केलं. तिची पूजा राह्यलीच व्हती."

काकू तिकडं गेल्यावर मी रडाले लागली. काका मले म्हणले, "तिले सांगजो नको. एवढ्या दिवसात तिनं पह्यल्यांदा त्याले आपलं म्हणलं."

मंग ते बंद पडलेलं घड्याळ रोज साफ करत बसले. यंत्रात केसावानी बारीक स्प्रिंग असते, तिच्यात कुंकू जाऊन बसलेलं. एक दिवस पार निंघतच आलं व्हतं, आन् खोकला आला. चिमटा हालला. स्प्रिंग मोडली. काकानं चिमटा खाली ठेवला, डोकं मच्छरदाणीतच, मी बाहेरून पाठीवर हात फिरवला.

पाडव्याले झाकण बसवून बंद घड्याळच ताटात टाकलं. काकूनं पाह्यलं आन् लाजल्या, एवढ्या मोठ्या बाईले मी पह्यल्यांदा लाजताना पाह्यलं. काका म्हणले, दवाखान्यातून आलो की चालू करून देतो.

ते आले नाईत.

तुमच्याही गावात असन असा माणूस, तं त्याले येळेवर दवाखान्यात न्या, एवढंच म्हणणं हाय माह्यं.

आता गिरणी काकू चालवतेत. घड्याळ हातात असते. परवा दळण घेऊन गेली तं त्याइनं मले बाजूले घेतलं. काचेच्या आत, काठाशी एक लाल ठिपका हाय, तो दाखवला.

"पोरी, हे कुंकू हाय ना? माह्याच हातानं बंद पडलं का हे?"

मले खोटं बोलता येत नाई, मायले तं माह्या तोंडावरूनच समजे. लेकराले घट्ट धरलं मी.

"नाई काकू. गंज हाय तो. यंत्रच जुनं व्हतं, बाजारात फसवून देलं त्याइले कोनं. ते तुमाले सांगाले लाजत व्हते."

काकू माह्या तोंडाकडं पाहात राह्यल्या. मंग त्याइचे खांदे खाली आले.

"वाटलंच मले," म्हणल्या. "या माणसाले बाजारात कोनही फसवे. भेंडी आणाले धाडा, तं निबर घेऊन येये. किती डाव म्हणलं, पाहून घेत जा, मोडून पाहात जा..."

बोलता बोलताच त्याइनं माह्यं दळण वर टाकलं आन् गिरणी सुरू केली. त्या आवाजात काई ऐकू येईना. पन काकूचं तोंड चालूच व्हतं, डोळ्यातून पाणी वाहून राह्यलं व्हतं, एक हात कंबरेवर ठेवून त्या काकाले भांडून राह्यल्या व्हत्या.