कोल्हा आणि अस्वल

नागपूरहून नोकरीसाठी बंगळूरला आलेली उल्का इंटरनेटवरच्या एका गटात 'कोल्हा' या नावानं इंग्रजीत लिहायची. प्राण्यांची सोंगं आवडणाऱ्या सहा जणांच्या त्या गटात तिचं खरं जमलं ते 'अस्वला'शी. एकोणीसशे नव्याण्णवच्या डिसेंबरात सगळ्यांनी जे. पी. नगरच्या एका हॉलमध्ये सोंगं घेऊन भेटायचं ठरवलं. केसाळ कापडाचा पोशाख चढवून उल्का रिक्षात बसली.

"अक्का, शेपूट आत घ्या," एवढंच रिक्षावाला म्हणाला.

हॉलच्या दारातच अस्वल भेटलं. त्यानं मुखवटा काढला, तर आत साठीच्या, घामाघूम झालेल्या बाई.

"मी प्रतिमा. तुला कुणी तरुण मुलगा वाटला असेल ना?"

"वाटला होता," उल्का म्हणाली.

"मग वाईट वाटलं?"

"स्वल्प," थोडंसं, असं कानडीत म्हणत उल्का हसली. दोघी पंख्याखाली बसल्या, त्या संध्याकाळपर्यंत उठल्याच नाहीत.