आप्पा स्टँडवर आले तो दिवस

अकरावीत असताना मी माझ्या बापाशी पाच महिने बोलले नव्हते.

एका घरात राहून. दोन खोल्यांच्या घरात.

आज आप्पांना जाऊन वर्ष झालं.

सोलापुरात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पंपांत नवीन तार भरायची. मला डॉक्टर करायचं त्यांनी मी सातवीत असतानाच ठरवून टाकलं होतं.

सायन्स मला झेपणारं नव्हतं. जूनमध्येच धीर करून सांगायला गेले.

"गप बस. तुला काय कळतंय?"

बस्स. त्यानंतर "जेवायला वाढलंय" हेसुद्धा आईमार्फत.

सहामाहीत फिजिक्स, केमिस्ट्री दोन्ही उडाले. रिझल्ट घेऊन घरी गेलेच नाही, एसटी स्टँडवर जाऊन बसले. कुठली गाडी पकडायची ठरलं नव्हतं. घरी जायचं नाही, एवढंच पक्कं.

मला तिथं बघून एका मैत्रिणीनं घरी कळवलं. तासाभरात आप्पा आले, तारांना लावायच्या वार्निशनं माखलेल्या हातांनी तसेच.

वाटलं, आता सगळ्यांसमोर कानाखाली बसणार.

ते शेजारी बसले.

"कुटं निघालीस?"

"माहीत नाही."

"बरं. बोल. मी मधी बोलनार न्हाय."

मी बोलले. मार्क, क्लास, पेपरच्या सकाळी होणाऱ्या उलट्या, सगळं. दोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दुकानातून फोन आला, तर मोबाईलच बंद केला.

मी थांबले. ते म्हणाले, "आनि?"

"आप्पा, मला फिजिक्सपेक्षा तुमची भीती वाटते."

त्यांनी बोटावरचं वार्निश नखानं खरवडलं.

"ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाय."

"मी सांगत होते की."

"व्हय. सांगत हुतीस."

पुढच्या जूनला परत अकरावी, आर्ट्समधून. काका म्हणाले, पोरीचं ऐकून वाटोळं करशील.

"तिचं ऐकायला मलाच लई उशीर झालाय. तू मधी पडू नको."

आप्पा एकदम बदलले असं नाही. नंतरही ओरडायचे. पण ओरडून झालं की दाराशी येऊन थांबायचे. "हं, आता तू सांग."

आज मी शाळेत इतिहास शिकवते. माझा मुलगा नववीत आहे. परवा म्हणाला, "तुला सांगून काही उपयोग नाही."

डोकं सटकलं होतं. आप्पांचेच जुने शब्द ओठांवर आले होते. गिळले. त्याच्या खोलीत जाऊन नुसती बसले.

तो काही बोलला नाही. कालही नाही.

आज परत बसणार आहे. उद्याही. तो बोलेपर्यंत.

आप्पा, तुम्हाला नमस्कार.
तुमची सुनी