न पुसलेली लस

चाकणपासून खाली इंद्रायणीपर्यंतच्या गावांत ज्योतीराम बागड्यांना नावानं हाक मारणारं माणूस विरळाच. बाया त्यांना देवीडॉक्टर म्हणत आणि पोरं टोच्या म्हणत. ते काही डॉक्टर नव्हते. लोकल बोर्डाचे देवी टोचणारे होते. दिवाळी झाली की सायकलच्या मागं पत्र्याची पेटी बांधायची, लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळायच्या आणि गावोगाव फिरायचं, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. त्यांची सायकल वेशीत दिसली की आया पोरांना कणगीमागं दडवत. ज्योतीराम मग ओट्यावर बसत, पाणी मागत आणि आपल्या घरातली गोष्ट सांगत.

"माझी लेक रंभा. सहा महिन्यांची असताना मी स्वतःच्या हातानं तिला टोचलं. माझी पाठ फिरली आणि घरच्या बाईनं राख लावून लस पुसून काढली. देवीचा कोप होईल म्हणाली. वैशाखात देवी आल्या. पोर वाचली, पण दोन्ही डोळे गेले. आता तुमचं तुम्ही ठरवा."

एवढं ऐकल्यावर कणगीमागची पोरं बाहेर येत. आज्या पुढं होऊन नातवंडांचे दंड उघडे करत. त्या एका गोष्टीनं किती पोरांचे डोळे वाचले असतील आणि किती जीव, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ज्योतीरामांची बायको यशोदाबाई मात्र चाळीस गावांत 'लस पुसणारी' झाली. ती बाजारात उभी राहिली की कुणीतरी सासू आपल्या सुनेला कोपरानं ढोसून ती दाखवायची. रंभाही मोठी झाली तशी आईला धारेवर धरायची. भाकरीला राख लागली तरी म्हणायची, "तुझ्या हातची राख मला नवी न्हाई."

यशोदाबाई राख झटकून भाकरी परत तिच्या हातात देई.

खरं काय झालं ते दोघा नवराबायकोलाच ठाऊक होतं. बेचाळीस सालच्या भादव्यात रंभा झाली. पुढच्या फाल्गुनात टोचणीचा हंगाम सरत आला होता आणि वरून आलेल्या नळ्या कमी पडल्या होत्या. आकडा पुरा करून कागद पाठवायचा होता. यशोदाबाई पोरीचा दंड उघडा करून समोर बसली होती. ज्योतीराम म्हणाले, "आज नळी संपली. आपलंच लेकरू आहे, दिवाळीनंतर टोचू." आणि नोंदवहीत त्यांनी लिहून टाकलं, रंभा ज्योतीराम बागडे, वय सहा महिने, टोचली.

वैशाखात पोरीला देवी आल्या. आपल्याच टोचणाऱ्याच्या घरात देवी कशा, हे बघायला टोचणी खात्याचा इन्स्पेक्टर आला. त्यानं वही उघडली आणि ज्योतीरामांकडं पाहिलं. ज्योतीरामांच्या तोंडून शब्द निघून गेले, "मी टोचलं होतं साहेब. हिनं पुसलं."

पदरानं पोरीला वारा घालणारी यशोदाबाई क्षणभर थांबली. मग म्हणाली, "व्हय. मीच पुसलं."

नोकरी राहिली. पुढं ज्योतीरामांना कुणी विचारलं तर ते तेच सांगत गेले, मग न विचारताही सांगू लागले. गोष्टीचा उपयोग होतोय म्हटल्यावर तिची लाज वाटेनाशी झाली, निदान दिवसा तरी.

सत्तावन्न सालच्या निवडणुकीत त्यांना उभं करण्याची कल्पना उद्धवरावांची. उद्धवराव चाकणचे मोठे बागायतदार, पंचक्रोशीत वजन असलेला माणूस. पक्षानं त्यांच्या भाच्याला तिकीट नाकारलं आणि ते चिडले. एक दिवस ज्योतीरामांच्या ओट्यावर येऊन बसले.

"डॉक्टर, तुमचा हात लागला नाही असा दंड या तालुक्यात नाही. अपक्ष उभे राहा. मागं मी आहे."

"मला बोलता येत नाही, राव."

"त्या लेकीच्या गोष्टीनं दगडालासुद्धा पाझर फुटतो. आणि काय बोलायचं असतं?"

ज्योतीरामांना मोह पडला. बाळंतपणात अडलेली बाई बैलगाडीतून पुण्याला न्यायची, ती निम्म्या वाटेवर मोशीच्या चढाला जीव सोडायची, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. उन्हानं खराब झालेल्या लशीच्या नळ्या, दवाखान्याविना पडलेली गावं, याबद्दल त्यांनी बोर्डाला सतरा अर्ज केले होते. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. असेंब्लीत बसणाऱ्याचं तरी ऐकतील, असं त्यांना वाटलं. त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी जुन्नरकडचा रहिमान शेख आला, शांत, बारीक मिशीचा, तिशीतला गडी. सायकल हीच ज्योतीरामांची निशाणी ठरली.

वारं वेगळंच वाहत होतं. मुंबईसह महाराष्ट्र, याशिवाय लोकांना दुसरं काही ऐकायचं नव्हतं. ज्योतीराम दवाखान्याचं बोलू लागले की पुढचे लोक माना हलवत आणि मागचे उठून जात. उद्धवरावांनी ते बघितलं. चाकणच्या शनिवारच्या बाजारात मोठी सभा ठेवली आणि आदल्या सकाळी ते घरी आले.

"उद्या बाया पुष्कळ असतील. ती गोष्ट या खेपेला वहिनींच्या तोंडून व्हायला पाहिजे. आईनं स्वतः उभं राहून चूक कबूल केली की आख्खा बाजार रडेल."

ज्योतीरामांनी चुलीकडं पाहिलं. "तिला नको त्यात ओढायला," ते कसंबसं म्हणाले.

चुलीशी बसलेली यशोदाबाई मागं न वळता म्हणाली, "सांगते की. तुमी म्हनाल तसं सांगते."

उद्धवराव खूश होऊन गेले. ज्योतीराम चुलीपाशी जाऊन उभे राहिले. बोलायला हवं होतं, आणि काय बोलायचं तेही ठाऊक होतं. पण यशोदाबाई भाकरी थापत राहिली आणि ते पायात चपला घालून प्रचाराला निघून गेले.

शनिवारी कांद्याच्या गाड्या बाजूला लावून त्यांच्या आडोशाला सभा भरली. बॅटरीवरचा कर्णा खरखरत होता. बायांच्या बाजूला पुढंच रंभा बसली होती, चौदा वर्षांची, तोंडावर देवीचे वण, डोळे मिटलेले. उद्धवरावांनी नाव पुकारलं तशी यशोदाबाई उठली. डोक्यावरचा पदर तिनं दोन्ही हातांनी सारखा केला.

"माझी लेक सा म्हयन्यांची हुती," ती म्हणाली. कर्ण्यातून आलेला स्वतःचा आवाज ऐकून दचकली. "ह्यांनी तिला टोचलं. आन् मी..."

पुढच्या रांगेतली कुणी म्हातारी शेजारणीला म्हणाली, "हीच ती." कुजबुजल्यासारखं म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"आन् मी..." यशोदाबाईनं परत सुरुवात केली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित ज्योतीराम बसून राहिले असते.

ते उठले आणि कर्ण्यापुढं गेले.

"हिनं पुसलं नाही. पुसायला लसच नव्हती. मी टोचलंच नव्हतं. वहीत खोटं लिहिलं आणि नोकरीसाठी हिच्यावर ढकललं."

उद्धवराव खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच थबकले. मग मागून, गाड्यांच्या बाजूनं, एक माणूस ओरडला, "मंग आमच्या पोरांचं काय? त्यास्नी तरी टोचलं, का नुसतं लिवलं?"

या प्रश्नाचा ज्योतीरामांनी विचारच केला नव्हता. "टोचलंय," ते म्हणाले, "दंडावर वण बघा." पण तोवर लोक उठायला लागले होते आणि कर्ण्याचा आवाज कुणाच्याच कानावर पडत नव्हता.

घरी आल्यावर त्यांना वाटलं होतं, यशोदाबाई रडेल, मग काहीतरी मोकळं होईल. ती रडली नाही.

"मला इचारलं व्हतं का?" ती म्हणाली.

"तुझ्यावरचा आळ काढला मी."

"काढला? आजवर बाया म्हनायच्या, अडानी हाय, देवीला भ्याली. आता म्हनत्याल, नवऱ्याच्या नोकरीपायी लेकीच्या डोळ्याचं खोटं पचवलं. अडानी व्हते तेच बरं व्हतं." तिनं घागर उचलली, रिकामी आहे का बघितली आणि परत ठेवली. "चवदा वर्सं म्या वागवलं ते. ते माझं व्हतं. तुमी सांगायचंच व्हतं तर आदी मला सांगायचं, ह्या घरात."

दारात रंभा उभी होती. "तुला ठाव व्हतं," ती म्हणाली, "आबास्नी ठाव व्हतं. मी रोज तुला बोलत व्हते, ते तुमी दोगं बी ऐकत व्हता." एवढं बोलून ती भिंतीला हात लावत मागच्या परड्याकडं गेली. बराच वेळ आत आली नाही.

उद्धवराव दुसऱ्या दिवसापासून फिरकले नाहीत. प्रचाराला दिलेली त्यांची जीपही गेली. ज्योतीराम सायकलीवर एकटेच गावोगाव गेले. कुणी वाईट बोललं नाही. लोकांनी पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली आणि विषय पिकापाण्याकडं वळवला. मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रात उमेदवारागणिक पेट्या मांडल्या होत्या. मोजणीला ज्योतीरामांची पेटी फार लवकर मोजून झाली. ते मुंबईच्या लाटेत पडले की त्या शनिवारमुळं पडले, हे त्यांना कधीच उमगलं नाही. अनामत गेली, नोकरी तर आधीच गेली होती. आठवडाभरात पिंपरीला औषधाच्या कारखान्याजवळ एका खासगी दवाखान्यात पट्ट्या बांधायचं काम मिळालं.

हरल्याचं त्यांना तितकंसं लागलं नाही. लागलं ते त्यानंतर दोन आठवड्यांनी. रहिमान दारात आला आणि खाली बघत म्हणाला, "कुरुळीत दारंच उघडत नाहीत, बागडेसाहेब. म्हणतात, टोचणारे खोटारडे असतात. अठरा घरं आहेत, तान्ह्या पोरांची."

आतून रंभा म्हणाली, "मी येते. त्यास्नी माझं डोळं बघू दे."

"तू एकटी कशी जाशील?" यशोदाबाई म्हणाली. तिनं लुगड्याचा पदर खोचला आणि लेकीचा हात धरला. सभेनंतर प्रथमच तिनं तो धरला होता आणि रंभानं सोडवून घेतला नाही.

ज्योतीरामांना कुणी चला म्हणालं नाही. ते त्या दिवशी दवाखान्यात गेले नाहीत. त्यांनी घर झाडलं, पाणी भरलं, भात टाकला आणि तो करपवला. उन्हं कलताना मायलेकी आल्या, पाय धुळीनं भरलेले.

"किती?"

"अकरा," यशोदाबाई म्हणाली. "सात दारं न्हाई उघडली. एक म्हातारी म्हनली, टोच्याला धाडा, त्यानं सोता येऊन सांगावं."

दुसऱ्या दिवशी ज्योतीराम पायीच कुरुळीला गेले. सातही दारांशी उभं राहून त्यांनी तेच सांगितलं, मी खोटं बोललो, पण लस खरी आहे. चार घरांनी पोरं बाहेर आणली. रहिमाननं ती टोचली. तीन घरांतून कुणी ओ दिली नाही. आतून तान्ह्याचं रडणं ऐकू येत होतं. ज्योतीराम दुपार होईस्तोवर तिथंच उभे होते.

पुढच्या वैशाखात कुरुळीत देवी आल्या. दोन पोरं गेली, दोन्ही त्या तीन घरांतली. बातमी पिंपरीत कळली तेव्हा ज्योतीरामांच्या हातात कुणाच्या तरी पायाची पट्टी होती. ती त्यांनी पुरी बांधली आणि चाकणची वाट धरली. घरी यशोदाबाई डोक्यावर पदर घेऊन तयार बसली होती.

"तू कशाला?" ते म्हणाले.

"एकट्यानं जाऊ नका," ती म्हणाली.

दोघं कुरुळीला गेली. पहिल्या घरात ओट्यावर माणसं बसली होती. त्यांनी सरकून जागा केली. पोराची आई आत होती, यशोदाबाई तिच्याजवळ गेली. बाहेर ज्योतीराम खाली मान घालून बसले. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि त्यांनीही काही सांगितलं नाही.