चौथी डिस्क

बूटकाकांबद्दल सांगायचं तर आधी माझ्या शहाणपणाबद्दल सांगावं लागेल. कारण त्यांना आडवं आलं ते तेच.

ताईचं सिनेमाच्या डिस्कचं दुकान आहे. मालकीण ती, काउंटरवर मी. दुकान अरुंद, दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि सगळ्यात वरच्या फळीवर विशेष आवृत्तीचे बॉक्स सेट. जाड पुठ्ठ्याची पेटी, आत तीन-चार डिस्क, एक पुस्तिका, घडी घातलेलं पोस्टर. गिऱ्हाईक पेटी हातात घेतं, किंमत बघतं आणि मग माझ्याकडे बघतं. "घ्यावी का हो?" या एका प्रश्नावर माझा सगळा रुबाब उभा होता. प्रत्येक सेटखाली मी एक पांढरं कार्ड चिकटवायचो. "घ्या", नाहीतर "साधी आवृत्ती पुरे". लोक त्या कार्डावर डोळे झाकून विश्वास ठेवायचे.

"सगळं बघून लिहितोस ना रे?" ताई विचारायची.

"शितावरून भाताची परीक्षा," मी म्हणायचो. खरं म्हणजे शीतसुद्धा मी चाखत नव्हतो. पेटीच्या पाठीवरची यादी वाचायची, पहिली डिस्क पाच मिनिटं फिरवायची, झालं. शेवटच्या डिस्कवर काय असतं ते मला न बघताच ठाऊक होतं. कापलेले प्रसंग, चित्रीकरणाच्या गमतीजमती आणि एकमेकांची पाठ थोपटणारी माणसं. भरताड सगळं.

बूटकाका दर शुक्रवारी यायचे. हे नाव ताईनं ठेवलेलं. किरकोळ अंगाचे, साठी उलटलेले, कोपरांवर झिजलेला तपकिरी कोट घातलेले. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत हमखास जुने बूट. चौकातल्या जुन्या सामानवाल्याकडून ते निवडून आणायचे. एकदा ती पिशवी काउंटरवर कलंडली आणि आतून बायकांच्या उंच टाचेच्या चपला बाहेर पडल्या, त्याही तीन वेगवेगळ्या मापांच्या. काकांनी त्या शांतपणे गोळा केल्या. ते बाहेर पडेपर्यंत आम्ही कसंबसं हसू दाबलं.

"घरी गोम पाळलीय की काय यांनी?" ताई म्हणाली, आणि पुढे आठवडाभर तो विनोद आम्हाला पुरला.

ते तोंडाकडे बघून बोलायचे नाहीत, पायांकडे बघून बोलायचे. "तुमची उजवी टाच जास्त झिजते. उभं राहताना भार तिकडे टाकता तुम्ही," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. मी नुसतं "बरं" म्हटलं. स्वतः इतके हलके चालायचे की काउंटरशी येऊन उभे राहिले तरी पत्ता लागायचा नाही. दोनदा मी दचकलो आणि दोन्ही वेळा त्यांच्यावरच चिडलो. एखादी साधी डिस्क घ्यायचे, पण आधी दुकानातल्या यंत्रावर लावायला सांगायचे आणि पडद्याकडे पाठ करून ऐकत राहायचे. मी मनात म्हणायचो, चक्रम आहे. असं का करता, हे विचारायला माझ्या बापाचं काय जात होतं? पण नाही विचारलं.

त्या वर्षी एका जुन्या कौटुंबिक सिनेमाची नवी विशेष आवृत्ती आली, चार डिस्कची. सिनेमा मला फार आवडायचा. शेवटी घर सोडून गेलेली बाई परत येते, पण ती दिसतच नाही. कॅमेरा बंद दारावर खिळलेला आणि आपल्याला जिन्यावरची तिची पावलं तेवढी ऐकू येतात. दिग्दर्शकाचं डोकं बघा, असं मी गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचो. बॉक्स सेटखाली मात्र कार्ड लावलं, "साधी घ्या. चौथी डिस्क भरताड." वितरकाने दिलेली नमुन्याची पेटी मी काउंटरवरच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनखाली सरकवली. स्क्रीन बुटका होता, मान दुखायची. पेटी अगदी मापात बसली.

पुढच्या शुक्रवारी काका आले आणि कधी नव्हे ते पायांकडे न बघता स्क्रीनखाली बघत राहिले.

"ही घेण्यासारखी आहे का हो?"

"कुठली?"

"ही. खालची."

मला हसू आलं. "पुठ्ठा मजबूत आहे काका. स्क्रीन पेलतोय बघा. त्याहून जास्त उपयोग नाही तिचा."

"चौथ्या डिस्कवर म्हणे पडद्यामागच्या लोकांचं काहीतरी आहे."

"असतंच ते. पण बघतं कोण? साधी घ्या, सिनेमा तोच आहे."

"कोणी बघत नाही?"

"काळं कुत्रं बघत नाही. इतकी वर्षं इथे बसतोय, मला विचारा."

काकांनी मान हलवली. "बरोबर आहे. तुम्हाला त्यातलं कळतं," असं म्हणाले आणि पिशवी उचलून काही न घेता गेले. माझ्या ते लक्षातही आलं नाही. ताईच म्हणाली, "आज बूटकाका रिकाम्या हातानं गेले रे." त्यानंतर ते दोन-तीन शुक्रवार आले असतील, मग यायचे थांबले. त्या सेटची एकही पेटी खपली नाही. माझं कार्डच तसं होतं. सगळ्या पेट्या मी वितरकाकडे परत पाठवल्या.

चार महिन्यांनी एक बाई दुकानात आल्या. उंच, ताठ, पायात कापडी बूट. त्यांनी माझ्यापुढे एक चिठ्ठी धरली. तिच्यावर त्या सिनेमाचं नाव होतं.

"ही पेटी आहे का तुमच्याकडे? आमच्या ह्यांचं थोडंसं काहीतरी आहे त्यात. ते गेले दोन महिन्यांपूर्वी. तुमच्याकडे यायचे ना, दर शुक्रवारी, कोट घालून."

"काका... सिनेमात होते?"

"पावलं द्यायचे. पडद्यावरच्या माणसांच्या चालण्याचा आवाज हे काढायचे, वेगवेगळे बूट घालून. बायकांचासुद्धा." त्या जराशा हसल्या. "मी म्हटलं होतं, आणा की ती पेटी. तर म्हणाले, दुकानातल्या भाऊंनी सांगितलं, घेण्यासारखी नाही. त्यांना त्यातलं कळतं."

टोमणा असता तर मी सोसला असता. पण त्यांनी ते अगदी सरळ सांगितलं, माझ्यावर भरवसा ठेवून. मी त्यांचा पत्ता लिहून घेतला आणि "उद्या घरी आणून देतो" म्हणालो. हे सगळं होईपर्यंत माझा हात स्क्रीनखालच्या पेटीवर होता, झाकल्यासारखा.

दुपारी शटर अर्धं ओढून मी पेटी बाहेर काढली. चौथ्या डिस्कच्या पाकिटावरची कागदी पट्टी तशीच चिकटलेली होती. ती फाडताना मला माझीच शिसारी आली.

काका पडद्यावर तोच कोट घालून बसले होते. मागे भिंतभर बूट, समोर जमिनीत चौकोन केलेले. एकात फरशी, एकात लाकूड, एकात खडी. खाली त्यांचं नाव आलं. इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदा कळलं.

"शेवटच्या प्रसंगातलं ते चालणं मी घरून चोरलंय," काका सांगत होते. "आमची ही बाजारातून येते तेव्हा मी आत बसून ऐकतो. जिन्याच्या शेवटच्या वळणावर ती थांबते. मी उठतो, दार उघडतो, मग ती वर येते. रोज. तसंच ठेवलं मी ते थांबणं. का थांबते कोण जाणे! दम लागतो म्हणावं तर चांगली धडधाकट आहे. विचारलं नाही कधी, चोरी उघडी पडेल ना." इथे ते लाजले. "आता ही पेटी निघाली की घरी नेईन, तिला हे दाखवीन आणि मग विचारीन."

मी यंत्र बंद केलं. ताई मागे उभी होती, तिनेही ऐकलं होतं. ती जाऊन शटर वर ढकलू लागली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन निघालो. झाकणावर स्क्रीनच्या पायाचा गोल वळ उमटला होता. ओल्या फडक्याने पुसला, इस्त्रीखाली धरला, गेला नाही. नुसती पेटी द्यावी आणि पळावं, असं जिना चढताना प्रत्येक पायरीवर वाटत होतं. दार उघडंच होतं. काकूंनी मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. "ह्यांची जागा," त्या म्हणाल्या.

मग मला राहवेना. "काकू, मी ही बघितलीच नव्हती. न बघताच नको म्हणालो. आणि हा वळ... ही पेटी मी स्क्रीनखाली ठेवली होती. काकांनी ती तिथेच बघितली."

त्यांनी वळावरून एकदा बोट फिरवलं. "आधी लावा," म्हणाल्या.

मी लावली. काका बोलत होते तेव्हा काकू पापणी न हलवता बघत होत्या. "आणि मग विचारीन" हे वाक्य आलं आणि त्यांनी हात वर केला. मी घाईने थांबवलं. पडद्यावर काका तसेच राहिले, ओठ किंचित उघडे, हातात बायकी चप्पल.

"दम नव्हता हो लागत मला," काकू म्हणाल्या. माझ्याशी नाही, पडद्याशी. "तुम्ही उठून कडी काढायचात ना, ती ऐकायला थांबायचे. माझी पावलं तुम्हाला कळली, एवढं कळलं की मग वर यायचे."

पुढे लावू का, असं मी विचारलं नाही. काकूंच्या त्या उत्तराची वाट बघत असल्यासारखे काका पडद्यावर थांबले होते, आणि त्यांच्या खुर्चीत बसून ते मी ऐकलं.