भोंग्यावरचा आहेर

आमचं बिछायत केंद्र होतं. म्हणजे लग्न, बारसं, तेरवी, काहीही असो, त्याला लागणारा मंडप, कनाती, सतरंज्या, खुर्च्या, भात शिजवायचे गंज म्हणजे मोठी पातेली, माईक आणि भोंगे भाड्यानं देण्याचं दुकान. मुलचेऱ्यात बसस्टँडच्या मागे दोन खोल्या होत्या. त्यांत आधी सामान राहायचं आणि उरलेल्या जागेत आम्ही. माझी मुलं नवरदेवाच्या खुर्चीवर बसून पाढे पाठ करायची, आणि पाहुणा आला की मी विचारायची, ‘साधी खुर्ची देऊ का गादीची?’

कर्ज झालं ते जनरेटरपायी. आजूबाजूच्या बंगाली निर्वासितांच्या गावांमध्ये लग्नं रात्री लागतात, आणि वीज तर त्या वर्षांत रुसक्या जावयासारखी, मनात आलं तर राहायची. जनरेटर नसेल तर गिऱ्हाईक उभं राहीना. तेव्हा आमच्या यांनी गावातल्या पतसंस्थेकडून कर्ज काढून जनरेटर घेतला. जनरेटरच्या उजेडात जुन्या कनातींची ठिगळं दिसायला लागली, म्हणून चंद्रपूरच्या एका कापडवाल्याकडून नवं कापड उधारीवर आणलं. आणि पहिलेच हप्ते थकले तेव्हा गुरुजींकडून हातउसने घेतले. गुरुजी म्हणजे यांना चौथीत शिकवलेले, आता निवृत्त झालेले, आमच्या मागच्या गल्लीतले. कागद नाही, व्याज नाही. पोरीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम त्यांनी पिशवीतून काढून दिली होती.

पुढच्याच वर्षी पंचांगानं दगा दिला. लग्नाच्या तिथीच नव्हत्या. आम्ही बौद्ध, आमच्या लग्नांना मुहूर्त लागत नाही, रविवार पुरतो. पण गिऱ्हाईक सगळ्या समाजांचं. बाबासाहेबांनी आम्हाला पंचांगातून सोडवलं होतं, आणि धंद्यानं पुन्हा नेऊन त्यातच अडकवलं, असं मी यांना चिडून म्हणायची. 

वसुलीवाले यायला लागले. मी दारात उभी राहून सांगायची, ‘हे आष्टीले गेले,’ आणि नेमका आतून यांचा खोकला यायचा. पतसंस्थेचा माणूस भला होता. तो म्हणायचा, ‘आष्टीहून खोकला चांगलाच आयकू येते, बाई.’ मला लाज वाटायची आणि रागही यायचा. त्याचा की यांचा, ते ठरत नसे.

शेवटी मीच म्हटलं, लपाछपी पुरे, तिघांनाही एकदाच बोलावू. एका दुपारी ते आले. यांनी सवयीनं खुर्च्या गोल मांडल्या आणि गादीची म्हणून पतसंस्थेच्या माणसाला नवरदेवाची खुर्ची दिली. तो बिचारा लाल मखमलीवर अंग चोरून बसला. कापडवाल्याचा माणूस चंद्रपूरहून बसनं आलेला, तो सारखा घड्याळ पाही. गुरुजी येतच नव्हते. ‘माह्यं काय, मी घरचा,’ म्हणाले. मीच ओढून आणलं.

मी सरळ सांगितलं की ठरल्याप्रमाणे हप्ते देणं आम्हाला जमणार नाही. तिघांचं देणं जवळजवळ सारखंच होतं. तेव्हा महिन्याला जे हाती येईल त्यातून घरखर्चापुरतं ठेवून बाकीचे तीन सारखे वाटे करू. हप्ता निम्म्यावर येईल, पण चुकणार नाही. बराच वेळ कुरकुर झाली. मग पतसंस्थेचा माणूस म्हणाला, ‘ठीक हाय. पण तिघांत कमीजास्त नाई पायजे. एकाले लपूनछपून जास्त गेलं असं समजलं, की आमी जनरेटर उचलतो.’ कापडवाल्याच्या माणसानं मान हलवली. जनरेटर गेला असता तर दुकानच गेलं असतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

काही महिने बरे गेले. हप्ता छोटा, पण वेळेवर. लोक आता दारात यायचे तर चहा पिऊन जायचे. मला तर ते सुखच वाटायला लागलं होतं.

मग गुरुजींच्या मुलीचं लग्न ठरलं.

तिच्या लग्नाचे पैसे आमच्या जनरेटरात आणि कनातींत अडकलेले. गुरुजींनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त मंडपाचं विचारायला आले आणि म्हणाले, ‘भाडं माह्या पैशातून कापून घेजो, बाबू.’ हे ताडकन उठले. ‘पोरगी माही बहीण नाई का? मंडप माह्याकडून. आहेर समजा.’

मी आतून ऐकत होते. मला वाटलं, बरोबर आहे. लगेच वाटलं, हे चूक आहे. मग वाटलं, आहेराला चूक कोण म्हणेल? मी चहाचं आधण ठेवलं.

लग्न झोकात झालं. हे जनरेटरजवळ डिझेलचा डबा घेऊन बसलेले, मी बायकांच्या पंगतीत वाढत होते. आता आमच्याकडे रीत अशी की आहेर भोंग्यावरून पुकारायचा. कोणी किती रुपये दिले, कोणी पातेलं दिलं, कोणी साडी, सगळं गावाला ऐकवायचं. पुकारणारे एक मास्तर होते, त्यांचा आवाज जंगलातल्या नाक्यापर्यंत जाई. गुरुजींनी कौतुकानं त्यांना चिठ्ठी दिली असणार. आमच्याच माईकवर, आमच्याच भोंग्यातून, आमच्याच जनरेटरच्या जोरावर मास्तर कडाडले, ‘बिछायत केंद्राकडून, संपूर्ण मंडप, रोषणाई, भांडे, खुर्च्या, सप्रेम आहेर! टाळ्या!’

टाळ्या झाल्या. मी पुरुषांच्या पंगतीकडे पाहिलं. पतसंस्थेच्या माणसाच्या हातात वांग्याच्या भाजीचा घास होता, तो तसाच राहिला. त्यानं आधी भोंग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्याला आणखी भात वाढायला पळाले, दुसरं काही सुचेना.

कापडवाल्याचा माणूस बाजाराच्या दिवशी यायचा. त्याला ही बातमी बसमध्येच कळली होती. त्या दिवशी दोघं मिळूनच आले. खुर्च्या कोणी मांडल्या नाहीत, ते उभेच राहिले.

‘आमाले निम्मा हप्ता, अन् तिथं पुरा मंडप फुकट?’ पतसंस्थेचा माणूस म्हणाला. ‘मले वर जवाब द्यावा लागते, बाई. आख्ख्या गावानं आयकलं.’

कापडवाल्याचा माणूस म्हणाला, ‘भाऊ, कपडा हमारा. उसका पैसा बाकी. अन् तुमी त्याचा आहेर करून राह्यले?’

हे म्हणाले, ‘आहेर आहेर असते. त्याचा हप्त्याशी काय संबंध?’

पतसंस्थेचा माणूस म्हणाला, ‘मंग गुरुजीले काऊन? माह्या साळीच्या लग्नात काऊन नाई देल्ला?’

 तेवढ्यात गुरुजी आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण गल्ली केवढी ती. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, ‘भांडू नका. भाडं समजा. माह्या पैशातून कापा.’

मला हायसं वाटलं. पण पतसंस्थेचा माणूस बोटांवर हिशेब करत होता. ‘तसं केलं तं गुरुजीचं देणं तेवढं फिटलं. आमचं हाय तिथंच. मंजे गुरुजीले जास्तच गेलं.’

 आहेर म्हटलं तर गुरुजींना जास्त. भाडं कापलं तरी गुरुजींना जास्त. मी दोनदा मनात मांडून पाहिलं, दोन्ही वेळा तो माणूस बरोबर निघाला. मला त्याचा इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन गंज उगाच आपटला. राग यायला कारण हवं होतं, आणि कोणी चुकतच नव्हतं.

‘मंग मी नगद देतो,’ गुरुजी म्हणाले. ‘गिऱ्हाईक देते तसं. त्याचे तीन वाटे करा.’

हे म्हणाले, ‘गुरुजी, आहेर परत करता?’ त्यांचा आवाज वेगळाच आला. आमच्याकडे आहेर परत गेला तर संबंध तुटला असं समजतात, आणि नव्या नवरीचा तर कोणीच परत करत नाही. यांचा चेहरा पाहून मला वाटलं, जाऊ दे तो जनरेटर, उचलून नेऊ दे. दुसऱ्या क्षणाला मुलांच्या शाळेची फी आठवली. मी यांच्याकडे पाहिलंच नाही, गुरुजींकडे पाहून म्हटलं, ‘द्या, गुरुजी.’

गुरुजी घरी गेले आणि लग्नात आलेल्या आहेराची पाकिटं घेऊन आले. हळद लागलेली, वर गणपती छापलेली पाकिटं. एकेक फोडून त्यांनी आमचं भाडं आमच्या हातात ठेवलं. यांनी ते घेतलं. मग त्याचे तीन वाटे केले. एक पतसंस्थेला, एक कापडवाल्याला, आणि तिसरा गुरुजींना.

गुरुजींनी आत्ताच दिलेल्या नोटा गुरुजींनी परत घेतल्या. दोघं पाहत होते म्हणून असेल, पण त्यांनी त्या मोजूनही घेतल्या. हे खाली मान घालून उभे. गुरुजी आम्हाला देणं लागत होते, आम्ही त्यांना देणं लागत होतो, पैसे त्यांच्या मुलीला लोकांनी दिलेले, आणि त्यात शहाणा कोण नि वेडा कोण, मला काहीच उमजेना.

पतसंस्थेचा माणूस जाताना म्हणाला, ‘वाईट नका मानू, बाई.’ मी म्हटलं, ‘नाई मानत.’ पण मी मानलं होतं.

ते दोघं गेले. गुरुजी राहिले. उभेच होते. मग म्हणाले, ‘बाबू, मंडपाचं तं भाडं झालं. आता माह्या पोरीले तुह्याकडून आहेर राह्यला.’

ते चिडून म्हणाले, की दुखावून, की आम्हाला सावरायला, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढे अनेकदा आठवून पाहिलं, तरी त्यांचा तो आवाज मला कधी एकासारखा वाटतो, कधी दुसऱ्यासारखा. हे माझ्याकडे पाहायला लागले. मी पैशांचा डबा पाहिला. सगळं वाटून झालं होतं. अकरा रुपये असते तरी दिले असते.

हे म्हणाले, ‘गुरुजी, उधार.’

आधी गुरुजी हसले. मग हे. हसता हसता यांना रडू आलं, चौथीतल्या पोराला यावं तसं, आणि गुरुजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी चहा ठेवायला आत गेले, कारण मलाही रडू येत होतं आणि मला ते कोणाला दाखवायचं नव्हतं.

पुढे दर महिन्याला हे हप्ता घेऊन जात तेव्हा गुरुजी विचारत, ‘अन् आहेर?’ हे म्हणत, ‘उधार.’ पतसंस्थेचं फिटलं, कापडवाल्याचं फिटलं, शेवटी गुरुजींचंही फिटलं. त्या दिवशी माझ्याजवळ पैसे होते. मी एक चांगली साडी आणून ठेवली होती, आणि यांना म्हटलं, आज पोरीचा आहेर देऊन टाका. हे म्हणाले, ‘नको. तो देल्ला तं मंग गुरुजीच्या घरी जायाले काय राह्यलं?’

ती साडी मी नेसले. आहेर अजून द्यायचा आहे.