पारूबाईची काहील

मांजरेतल्या जोगीबेटावर जायला नाव नव्हती. गूळ शिजवायची मोठी लोखंडी काहील होती, आणि ती बांबूनं रेटणारी पारूबाई. नवरा पंढरी वारला, तेव्हापासून पंधरा वर्षं बांबू तिच्याच हातात. काहील गोल, एका अंगाला वजन झालं की गरगर फिरते. म्हणून ती माणसं तोलून बसवायची. "सावकार, तुम्ही हिकडं. तुमच्या समोर दोघी बाया लागतील," म्हणायची, आणि सावकारही हसायचा.

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. पावसानं दगा दिला होता. वैशाखात नदी गुडघाभर उरली, खाली नुसता गाळ. तशात इंजिनियर बसवराज आपल्या आईला, मल्लम्माला, बेट दाखवायला घेऊन आले. महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ, निजामी अमलातला बुरूज, चिंचेची गार सावली, सगळं पारूबाईनं हौसेनं दाखवलं.

चिंचेखाली डबा सोडताना साहेब म्हणाले, "इथं पूल करायचा विचार आहे. पण पायाला खडक लागला तरच. बाई, खाली खडक कुठं आहे?"

पारूबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. पूल झाल्यावर काहील कोण विचारणार? खडकाची पट्टी तिला ठाऊक होती. काहील अडू नये म्हणून रोज ती टाळूनच तर ती जायची.

"समदा गाळच हाय साहेब. पंधरा वर्सं बांबू मारतीया."

तिनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली.

परतताना काहील मध्येच गाळात बसली. साहेब म्हणाले, चालत जाऊ. मल्लम्मा तिसऱ्याच पावलाला मांडीपर्यंत रुतली. साहेब ओढायला गेले, तर त्यांचेही पाय धरले गेले.

पारूबाईनं काहिलीचा काठ धरून पाण्यात उतरत बांबू आपटला. दोन हात सरकली, पुन्हा आपटला. बांबूचा आवाज बदलला.

"मल्लम्माअव्वा, बांबू धरा घट्ट. साहेब, माझ्याकडं या. हितं खडक हाय."

बांबू ठोकत ठोकत तिनं दोघांना काठाला आणलं.

मल्लम्मा पायाचा गाळ निपटत म्हणाली, "मघाशी तर खडक न्हाई म्हणालीस की गं."

"मघाशी तुम्ही कोरड्या होता, अव्वा."

पट्टी जिथं काठाला लागते असं वाटलं, तिथं साहेबांनी चार दगड रचून खूण केली.

पारूबाई ती खूण बघत राहिली. मग वाकली, आणि दगड एकेक उचलून हातभर डावीकडं, बरोबर खडकाच्या पट्टीवर ठेवले.